पांखरें आणि परीक्षा

इंग्रजींतील दोन आत्मपर पुस्तकें एकापाठोपाठ वाचण्याचा योग नुकताच आला. पहिलें डॉ. सालिम अली यांचें ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हें आत्मचरित्र. तें १९८५ सालीं, लेखक नव्वदीच्या उंबरठ्यावर असतां, प्रसिद्ध झालें. दुसरी उत्तर आयर्लंडमधील दारा मॅकनल्टी या मुलाची ‘डायरी ऑफ अ यंग नॅचरलिस्ट’. ही रोजनिशी २०२० सालीं छापून निघाली तेव्हां लेखकास सोळा वर्षें नुकतीं कोठें पुरीं झालीं होतीं, आणि त्याच वर्षीं तिला ब्रिटनमधील निसर्गलेखनाचें वेनराइट पारितोषिक मिळालें. एक पुस्तक पाऊणशें वर्षांच्या अंतरावरून बालपणाकडे पाहतें. दुसऱ्यांत चौदा वर्षांचा मुलगा सकाळीं दिसलेला पक्षी रात्रीं लिहून ठेवतो. तरी दोहोंच्या मुळाशीं पेंच एकच आहे: पांखरांत रमणाऱ्या मुलानें शाळेंत निभवावें कसें? ज्या घरांत दहावी-बारावीचें वेळापत्रक भिंतीवर टांगलेलें आहे, त्या घरास हा पेंच परका वाटण्याचें कारण नाहीं.

सालिम अलींची कथा आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक आहे. निदान तिचा पूर्वार्ध तरी. आईबापांवेगळा झालेला, गिरगांव-खेतवाडीच्या बाजूस मामांच्या भरल्या घरांत वाढलेला हा मुलगा छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडतो. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसतो. आणि ती कोणती हें विचारण्यासाठीं तो १९०८ सालीं ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे जातो. तेथें पेंढा भरलेल्या पक्ष्यांनीं भरलेले खण एकामागून एक उघडले जातात आणि मुलाच्या आयुष्याची दिशा ठरते. हा प्रसंग आतां शालेय पुस्तकांच्या योग्यतेचा झाला आहे. त्यामानानें त्याच काळांतील शाळेची हकीकत कोणी सांगत नाहीं. तेराव्या वर्षाच्या सुमारास सततच्या डोकेदुखीनें शाळा वारंवार सुटूं लागली. कोरडी हवा मानवेल म्हणून मुलाला सिंधमध्यें नातेवाइकांकडे धाडण्यांत आलें. आणि १९१३ सालीं मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पदरांत पडली. पुढें कॉलेजचें पहिलेंच वर्ष जड गेलें आणि स्वारी कुटुंबाचा धंदा पाहण्यासाठीं ब्रह्मदेशांत रवाना झाली. हें सारें लेखक मिस्किलपणें सांगतो. आत्मदयेचा मागमूस त्यांत नाहीं, आणि शाळेवर सूड उगवण्याची हौसहि नाहीं.

या हकीकतीचा एक सोयीस्कर अर्थ नेहमीं काढला जातो. पदवीवांचून माणूस एवढा मोठा झाला, मग पदवीचें एवढें स्तोम कशाला, असा तो अर्थ. आत्मचरित्र काळजीपूर्वक वाचणाऱ्यास तो पटणार नाहीं. पदवी नव्हती म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यांतील पक्षितज्ज्ञाची जागा या गृहस्थांस मिळाली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत व्याख्यात्याची नोकरी लाभली. पण ती सोडून जर्मनींत शिकून १९३० सालीं ते परत येतात तों पैशाअभावीं ती जागाच रद्द झालेली. मग खर्च कमी म्हणून किहीमला राहणें आलें. तेथें सुगरणींच्या वसाहतीसमोर बसून त्यांनीं जें पाहिलें, कीं नर घरटें अर्धेंमुर्धें विणतो, मादी तें पसंत करून आंत आली म्हणजे पुरें करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठीं नवें घरटें मांडतो, तें शास्त्राला नवीन होतें. बेकारीच्या दिवसांतलें हें संशोधन! त्यामागें एका संपन्न, उदार गोतावळ्याचा आधार होता, हेंहि विसरतां कामा नये. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतील बापानें मुलाला ‘कर मॅट्रिक कशीबशी’ असें म्हणावें, एवढी मुभा हें पुस्तक देत नाहीं.

परंतु आजच्या वाचकास या बालपणांत सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. पांखरें एक दिवस नाहींशीं होतील ही शंका त्या मुलाच्या मनाला शिवतहि नाहीं. तो बंदूक उडवतो, आणि आकाश भरलेलें राहतें. काळजी आली ती उतारवयांत. माळढोक हा भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा असा सालिम अलींचा आग्रह होता. १९६३ सालीं तो मान मोराला मिळाला. सोलापुराजवळ नान्नज येथें १९७९ सालीं माळढोकासाठीं अभयारण्य झालें, पण आज साऱ्या देशांत मोकळ्या रानांत उरलेले माळढोक दीडशेंहि भरत नाहींत.

दाराच्या रोजनिशींत ही काळजी पहिल्या पानापासून घरांतच राहावयास आलेली आहे. पुस्तकाचा आरंभ पहाटेच्या ब्लॅकबर्डच्या गाण्यानें होतो. (आपल्या सह्याद्रींत पावसाळ्याच्या तोंडीं शीळ घालणारा कस्तुर हा त्याचा सख्खा चुलतभाऊ, माथेरान-महाबळेश्वरीं ज्यांनीं तो ऐकला आहे त्यांस ही पानें समजावून सांगावीं लागणार नाहींत.) मुलगा स्वमग्न आहे. वडिलांखेरीज घरचीं सारींच तशीं आहेत, आणि वडील निसर्गसंरक्षणाचें काम करणारे शास्त्रज्ञ आहेत. शाळेंतील गोंगाट, उजेड, गर्दी त्याला सोसत नाहीं; सोबत्यांनीं केलेला छळ तर शब्दांत मावत नाहीं. या मुलाला चार ओळींचा परिच्छेदहि कधीं धड लिहितां येणार नाहीं, असें भविष्य एका शिक्षिकेनें वर्तविलें होतें. वर्षाच्या मध्यावर कुटुंब फर्मानाहून काउंटी डाउनमध्यें, मोर्न पर्वताच्या पायथ्याशीं, बिऱ्हाड हलवितें. ओळखीचीं झाडें मागें राहिलीं या दुःखांतून नव्या शाळेंत पहिला मित्र भेटेपर्यंतचा भाग आम्हांस सर्वांत सरस वाटला. तेथें मुलगा कांहीं सिद्ध करावयास निघालेला नाहीं. शेवाळाकडे, किड्याकडे, पिसाकडे तो इतक्या निकट जातो कीं डोक्यांतील कोलाहल थोडा वेळ थांबतो, आणि वाचकाच्याहि डोक्यांतला थांबतो. एकाग्रता शिकविण्यासाठीं शाळा उघडलेल्या असतात असें आपण समजतों. येथें तीच वस्तु मुलाला दप्तर खालीं ठेवल्यावर सांपडते.

दोषहि सांगितले पाहिजेत. भाषा विशेषणांनीं वांकलेली आहे. एका उपमेवर दुसरी बसते आणि खालचा पक्षी दिसेनासा होतो. तरुण लेखकाच्या या दोषाबद्दल तक्रार करणें फारसें शोभणार नाहीं. त्याहून गंभीर बाब वेगळी आहे. भोवत्या वर्गांतील ‘हेन हॅरियर’ हा शिकारी पक्षी दाराच्या जिवाचा सखा. शिकारीसाठीं राखलेल्या माळांवर, तेथील ग्राउस पक्षी खातो म्हणून, ब्रिटनमध्यें तो बेकायदा मारला जातो. त्याच्यासाठीं मुलगा लिहितो, बोलतो, सभांतून उभा राहतो. मोठीं माणसें टाळ्या देतात. आणि जेथें जेथें तो असा उभा राहतो, तेथें तेथें त्याचें गद्य सैल पडतें. तोच मुलगा, तीच कळकळ. पण डोळे पक्ष्यावरून उठून श्रोत्यांवर गेलेले असतात. त्याला स्वतःलाहि हें कौतुक सुखावण्यापेक्षां अवघडवितें अधिक. वडीलधाऱ्यांनीं जग बिघडवावें आणि चौदा वर्षांच्या पोरानें तें सुधारण्याचा वायदा करावा, ही एक दुसरी परीक्षाच झाली. आणि हिचा अभ्यासक्रम ठरलेला नाहीं, निकालहि कधीं लागावयाचा नाहीं.

आपल्याकडे तर ही दुसरी परीक्षा शब्दशः पहिलींत मिळवून टाकण्यांत आली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशापासून पर्यावरण हा सक्तीचा विषय झाला. हेतु उत्तमच होता. पण अकरावी-बारावीच्या घरांत जाऊन पाहावें: माळढोकाचें छापील चित्र, त्याखालीं कोठून तरी उतरविलेला मजकूर, रंगीत शाईची चौकट, आणि रात्रीं अकरा वाजतां ती चौकट आंखून देणारी आई. वहीचे गुण पडतात. माळावर मात्र कोणी जात नाहीं, कारण रविवारीं शिकवणी असते.

दोन्हीं पुस्तकें घरांत असावींत. वडिलांनीं आत्मचरित्र आधीं वाचावें, विशेषतः किहीमचीं पानें, आणि नोकरी जाण्याचीं पानेंहि गाळूं नयेत. रोजनिशी मुलांच्या हातीं सहज पडूं द्यावी. तिच्यावर निबंध लिहावयास सांगूं नये. तिच्या मराठी भाषांतराचें काम कोणी हातीं घेतल्यास एका अडचणीची आगाऊ कल्पना द्यावीशी वाटते. पानोपानीं येणाऱ्या पांखरांना आणि रानफुलांना नांवें कोठून आणावयाचीं? गुराख्यांच्या, पारध्यांच्या तोंडीं असलेलीं कित्येक मराठी नांवें आमच्या कोशांत कधीं उतरलींच नाहींत, आणि तीं सांगणारीं माणसें आतां थकलीं आहेत.