अदृष्ट भय

आमच्या वाङ्मयात कुत्र्याला जागा नाही असे कोणी म्हणणार नाही. दत्तगुरूंच्या तसबिरीत चार कुत्री पायांशी असतात. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही कथा कीर्तनातून घरोघर पोचली आहे. रायगडावर वाघ्याची समाधी आहे. आणि धर्मराजाने ज्याच्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले तो सोबतीही कुत्राच. परंतु किंचित बारकाईने पाहिले म्हणजे असे दिसून येते की, या साऱ्या स्थळी कुत्रा हा कुत्रा म्हणून आलेलाच नाही. दत्ताची चार कुत्री म्हणजे चार वेद. नामदेवांपुढे पळणारा तो विठ्ठल. धर्मराजाचा सोबती अखेर साक्षात धर्म ठरतो. आणि वाघ्याच्या कथेला इतिहासाचा आधार किती हा वाद कितीही चालो, लोकमनात वाघ्या म्हणजे मूर्तिमंत स्वामिनिष्ठा. कुत्र्याच्या ठायी जे गुण आम्हांस हवे होते ते आम्ही उचलले, आणि त्याचे मन मात्र त्याच्यापाशीच राहू दिले.

भयाच्या बाबतीत तर याहून विचित्र प्रकार झाला आहे. भ्यालेला कुत्रा शेपूट पायांत घेतो. हे त्याच्या देहाचे बोलणे होय. आम्ही त्याचा वाक्प्रचार केला, आणि ‘शेपूट घालणे’ याचा अर्थ नामर्दपणा असा ठरवून टाकला. वाक्प्रचार एकदा रूढ झाला की निरीक्षण थांबते. त्यामुळे घरातल्या कुत्र्याने खरोखरीच शेपूट घातले, तर त्या वेळी त्याला काय होत असेल हा विचार मनात येण्यापूर्वी किंचित हसूच येते.

ज्या प्रसंगाविषयी आम्ही लिहीत आहो तो पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. घरात एखादा लहानसा कुत्रा असतो. पॉमेरेनियन म्हणा, की रस्त्यावरून उचलून आणलेले गावठी पिल्लू म्हणा. एरवी तो खेळकर, अंगणात ऊन खात पडलेला. एकाएकी तो उठतो. कान मागे पडतात, अंग थरथरू लागते, धापा टाकीत तो पलंगाखाली शिरतो किंवा घरधनिणीच्या मांडीवर चढू पाहतो. घटकाभराने सारे ओसरते. घरची माणसे चहूकडे पाहतात. काहीच दिसत नाही. मग निकाल दिला जातो, ‘उगाच घाबरतो मेला!’ या ‘उगाच’ शब्दाची परीक्षा करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, टीका म्हणजे तरी दुसऱ्याच्या मनाचे चिन्हांवरून केलेले वाचनच होय. कवितेचा अर्थ आपणांस लागला नाही एवढ्यावरून ती निरर्थक ठरविणाऱ्या टीकाकाराला आपण आळशी म्हणतो. तोच न्याय येथेही लावावयास हवा.

हा प्रश्न केवळ शहरी दिवाणखान्यातला आहे अशी कोणाची समजूत असेल, तर तिने महाळुंगे पडवळची वाट धरावी. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील हे गाव महाराष्ट्रास ठाऊक आहे ते निर्भयतेकरिता. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड वाहणाऱ्या मालमोटारीपुढे जो ठाम राहिला आणि तिच्याखाली चिरडला गेला, तो बाबू गेनू या गावचा. याच तालुक्यातील डिंभे धरणाच्या जलाशयास आज त्याचे नाव आहे. धरणाच्या पाण्यावर उसाचे मळे वाढले, आणि उसाच्या दाट सावलीत बिबट्याने घर केले. आंबेगाव, जुन्नर, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जो जुन्नर वनविभाग होतो, तेथे बिबट्या हा आता जंगलातला पाहुणा राहिलेला नाही. तो शेजारी आहे. अशा गावी, मळ्यातल्या घराच्या ओसरीवर साखळीने बांधलेला एखादा लहान कुत्रा दिवेलागणीस थरथरू लागला, तर ती थरथर वाचण्यास कोणते ग्रंथ उपयोगी पडतील? आम्हांस असे तीन ग्रंथ दिसतात.

पहिला ग्रंथ महाभारत. धर्मराजाचा कुत्रा ग्रंथाच्या अखेरीस येतो म्हणून सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु आदिपर्वातील पौष्यपर्वाच्या आरंभीच दुसरा एक कुत्रा येतो, त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. जनमेजयाचे सत्र कुरुक्षेत्रावर चालले असता तेथे एक पिल्लू येते. राजाचे भाऊ त्यास बडवितात. ते रडत आपल्या आईकडे, देवशुनी सरमेकडे जाते आणि सांगते की आपण काही अपराध केला नाही. हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरमा सत्रमंडपात जाऊन जाब विचारते. तिला उत्तर मिळत नाही. तेव्हा ती जो शाप देते, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. राज्य जाईल, वंश बुडेल असे ती म्हणत नाही. अदृष्ट भय तुला गाठील, एवढेच ती सांगते. आणि तो सम्राट त्या शब्दांनी इतका हादरतो की त्याच्या शमनार्थ पुरोहित शोधीत फिरतो.

या कथेचे मर्म आमच्या मते शापाच्या निवडीत आहे. पिल्लाचे रडणे पाहणाऱ्याला अकारण वाटले असेल. वस्तुतः अकारण होता तो मार. भयाला कारण होते. आणि सरमेने जे मागितले ते असे की, कोठून येते हे न दिसणारे भय कसे असते, याचा अनुभव एकदा माणसालाही यावा. कुत्र्याच्या मनात इतक्या सहजपणे शिरलेली कथा जगाच्या जुन्या वाङ्मयात क्वचितच आढळेल. आम्ही मात्र शेवटचा कुत्रा पूजेला लावला आणि पहिल्या कुत्र्याला विसरलो.

दुसरी कृती चेकॉव्हची ‘कश्तान्का’ ही १८८७ सालची कथा. कश्तान्का ही तांबूस रंगाची, संकरित जातीची लहान कुत्री. ती घर चुकते आणि सर्कशीतल्या एका विदूषकाच्या आश्रयास राहते. एका रात्री तिला अंधाऱ्या खोलीत कोणी अनोळखी शिरले आहे असे वाटू लागते. दिसत कोणीच नाही. शेजारचा हंस विलक्षण स्वरात ओरडतो. मालक मेणबत्ती घेऊन येतो, पाहतो, आणि परत जातो. काही वेळाने उलगडा होतो की, दिवसा घोड्याचा पाय पडल्याने तो हंस मरणाच्या दारी आहे. मालकाला मेणबत्तीच्या उजेडात जे दिसले नाही, ते कुत्रीला अंधारात जाणवले होते. आमच्याकडे रात्री कुत्रे रडले की ‘त्याला काहीतरी दिसले’ असे जुन्या बायका म्हणतात. त्यांचा यमदूत आपण बाजूस ठेवू; पण कुत्र्याला काही कळले आहे एवढे तरी त्या मान्य करीत. ‘उगाच’ म्हणणारा सुशिक्षित तेवढेही मान्य करीत नाही, आणि या एका बाबतीत आम्ही त्या बायकांना अधिक चांगले वाचक समजतो.

तिसरा ग्रंथ जिम कॉर्बेटचा, १९४४ साली प्रसिद्ध झालेला, कुमाऊँच्या नरभक्षकांवरचा. त्यात रॉबिन नावाच्या स्पॅनियल कुत्र्यावर एक प्रकरण आहे. पंधरा रुपयांना घेतलेले हे पिल्लू पुढे शिकारीतला उत्तम जोडीदार झाले. एकदा झुडपाआडून बिबट्याची डरकाळी अगदी जवळून आली आणि रॉबिन क्षणात पसार झाला. येथे दुसरा शिकारी ‘शेपूट घातले’ असे लिहून मोकळा झाला असता. कॉर्बेट लिहितो ते असे की, जे संकट ऐकू आले पण दिसले नाही, त्यापुढे कुत्र्याने पळ काढला आणि आपले स्वतःचे पाय जागच्या जागी खिळून राहिले. दोघांची प्रतिक्रिया तो एकाच पारड्यात घालतो. पुढे भेट झाल्यावर, यात तुझा दोष नाही अशी रॉबिनची खात्री पटवून, त्याचे लहानसे अंग थरथरायचे थांबेपर्यंत तो त्याला मांडीवर घेऊन बसतो. शौर्याचा गाजावाजा असलेल्या ग्रंथातले हे पान आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते.

वाङ्मयाने एवढे सांगितले. आता शास्त्राची साक्ष घेऊ. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडास मोठा पूर आला आणि पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचली. त्यांतील काहींचे शिकलेले सारे पुसले गेले. त्यांपैकी एक कुत्रा पुढे हळूहळू पूर्ववत झाला. तेव्हा प्रयोगाच्या खोलीत दाराखालून थोडेसे पाणी आत सोडण्यात आले. त्या ओहोळाबरोबर कुत्र्याची सारी घाबरगुंडी परत आली. पूर ज्याने पाहिला नव्हता, त्याला ते दृश्य अगदी अकारण वाटले असते. कारण खोलीत नव्हते. कुत्र्याच्या स्मरणात होते.

स्मृती हे झाले एक कारण. दुसरे इंद्रियांचे. माणसाचा कान सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी टिपतो. कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंत. आपल्या शांततेत त्याला एखाद्या विजेच्या उपकरणाची किंकाळी ऐकू येत असणे शक्य आहे. नाकाविषयी तर बोलावयासच नको. तिसरे कारण वेदना. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा विकार पुष्कळ आढळतो. वाटी सरकते, कळ येते, आणि ती कोठून आली हे न कळल्यामुळे कुत्रा समोरच्या वस्तूलाच भिऊ लागतो. २०१८ साली इंग्लंड व ब्राझील येथील अभ्यासकांनी आवाजाला भिणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. ज्यांचे स्नायू वा सांधे दुखत होते त्यांच्यात ही भीती इतरांपेक्षा सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा सुरू झालेली आढळली. तेव्हा वयात आलेला शांत कुत्रा अकस्मात भित्रा झाला, तर प्रथम त्याचे अंग तपासून घेणे इष्ट. चौथे कारण मेंदूचे. काही झटके आकडीचे असतात आणि त्यांत हातपाय ताठ होण्याऐवजी केवळ भय उसळते. अशा वेळी कुत्रा हाकेला ओळख देत नाही, तोंडातून लाळ गळते, आणि झटका गेल्यावरही तो काही काळ भांबावलेला राहतो.

ही चार कारणे परस्परांपासून वेगळी कशी ओळखावी? येथे टीकाकाराचीच पद्धत उपयोगी पडते: एका ओळीवरून अर्थ लावू नये, संदर्भ पाहावा. भय ठरावीक जागी वा ठरावीक वेळी येत असेल तर आवाज किंवा वास शोधावा. ठरावीक हालचालीनंतर येत असेल तर वेदना. ठरावीक वस्तूपाशी येत असेल तर स्मृती. जागा, वेळ, वस्तू यांपैकी कशाशीच मेळ बसत नसेल तर मेंदू. वेळ, वारा, घरातील चाललेले काम यांची चार ओळींची टिपणे ठेवावी, खिशातील मोबाइलवर झटक्याचे चित्रण करावे, आणि दोन्ही घेऊन पशुवैद्याकडे जावे. मारणे, ओढून बाहेर काढणे हे तर सर्वथा वर्ज्य. भ्यालेल्याला जवळ घेतल्याने त्याचे भय लाडावते, असा एक समज होता. तो आता मागे पडला आहे. कॉर्बेटची मांडी त्या समजापेक्षा शहाणी होती.

हे सारे ध्यानात घेऊन आता त्या ओसरीकडे पाहू. शेजारच्या अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१६ साली ‘ऑरिक्स’ या नियतकालिकात छापला आहे. त्यात वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्याचा सुमारे ३९ टक्के भाग पाळीव व गावठी कुत्र्यांचा निघाला. म्हणजे या मुलखात कुत्रा हे बिबट्याचे मुख्य अन्न आहे. जो उसाच्या दिशेने आलेल्या वाऱ्यावर शेजाऱ्याचा वास ओळखतो आणि ज्याच्या गळ्यात साखळी आहे, त्याच्या थरथरीला ‘उगाच’ म्हणणे हे वाचन नव्हे. प्रत्येक थरथर बिबट्याचीच असते असेही आम्ही म्हणत नाही; तसे म्हणणारा टीकाकार दुसऱ्या टोकाला जाऊन तोच आळस करतो. महाळुंग्याच्या कुत्र्याचाही गुडघा दुखू शकतो. परंतु तेथे पहिला प्रश्न उसाविषयी विचारावयास हवा, कारण त्या उत्तरावर अंगणात खेळणाऱ्या पोराचाही जीव अवलंबून असतो. २०२५ साली शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याने माणसांचे बळी घेतले, हे कोणी विसरलेले नाही.

आम्ही कुत्रा पाळतो तो पुष्कळ अंशी आमच्या वतीने भिण्याकरिताच. आम्हांस न कळणारे संकट त्याला आधी कळावे, ही अपेक्षा ठेवूनच त्याला दाराशी बांधले जाते. आणि ते कळल्याची खूण त्याने अंगभर दाखविली म्हणजे त्यालाच भित्रा ठरविले जाते. सरमेच्या प्रश्नाला सत्रमंडपात उत्तर मिळाले नव्हते. आज ते देणे अवघड नाही. ‘उगाच’ हा शब्द टाकून ‘अजून कळले नाही’ असे म्हणावे, कळेपर्यंत शोध सोडू नये, आणि उसाच्या मुलखात तरी दिवस मावळला की साखळी सोडून त्या लहान जिवाला दाराच्या आत घ्यावे.