ख्रिस्तपुराणात प्रश्न कोण विचारतो?

गोव्यात मराठीचा कार्यक्रम असला की फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण ठरलेली. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या दोन-चार ओव्या म्हणायच्या, एका इंग्रज पाद्रीने आपल्या भाषेवर केवढं प्रेम केलं म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि खाली बसायचं. हल्ली त्याला एक पुस्ती जोडली जाते, की 'ख्रिस्तपुराण' हा हिंदू आणि ख्रिस्ती धर्मांमधला संवाद आहे. आपल्या मंडळाच्या बैठकांतही हे वाक्य मी दोन-तीनदा ऐकलंय. वाक्य गोड आहे, पण तपासून बघायला हवं. मी पेशाने इंजिनिअर. इथे पूल आहे असं कुणी म्हटलं की मी आधी दोन्ही काठांवरचे आधार बघतो.

ग्रंथ 1616 साली राशोलच्या छापखान्यातून निघाला. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग: पहिल्या पुराणात जुन्या करारातल्या कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. अध्यायाला स्टीफन्स 'अवस्वर' म्हणतात. लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. स्टीफन्सना ते हवे होते. 1608 मध्ये त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून या लिपीत छापण्याची सोय मागितली होती. जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून किती खिळे ओतावे लागतील आणि ती संख्या कशी कमी करता येईल, याचा हिशेब त्या माणसाने डोक्यात मांडला होता. मला ते या पत्रामुळे जवळचे वाटतात. भाषेचं कौतुक पुष्कळजण करतात, खिळ्यांचा हिशेब कोण करतो? भाषा मराठी की कोकणी, हा वाद मी इथे उकरत नाही. त्यावर आपल्याकडे पुरेशी डोकी तापून झाली आहेत.

आता मुद्द्याकडे. पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरात एक प्रसंग आहे. सासष्टीत रविवारी मुलांना दोत्रिन, म्हणजे धर्माचे पाठ, शिकवले जातायत. तिथे जमलेल्या मंडळींतला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनंती करतो. त्याचं म्हणणं साधारण असं: दोत्रिन ठीक आहे, पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही वाचायला का देत नाही? पुढचा सगळा ग्रंथ म्हणजे या विनंतीला दिलेलं उत्तर. मधून मधून श्रोता शंका काढतो, गुरू निरसन करतात. घाट आपल्या ओळखीचाच आहे. आपल्या पुराणांतही कुणीतरी विचारतं आणि कुणीतरी सांगतं.

संवाद म्हणणाऱ्यांचा सगळा भार या चौकटीवर आहे, म्हणून ती नीट बघू. हा ब्राह्मण बाप्तिस्मा घेतलेला आहे. त्याने बाजू आधीच बदललेली आहे. तो विचारतो ते 'तुमचं खरं कशावरून?' असं नव्हे, तर 'तुमचं आम्हाला आमच्या पद्धतीने सांगा' असं. त्याच्या शंका खऱ्या असतात, कधी कधी चांगल्या टोकदारही असतात, पण त्या शिष्याच्या शंका आहेत. गुरू हरेल अशी शक्यता कुठेच नाही. संवादात ती शक्यता लागते, निदान कागदावर तरी.

तरीही त्या विनंतीतलं 'तुम्ही बंद केलीत' हे स्टीफन्सनी गाळलेलं नाही. माझ्या मते सबंध ग्रंथातली ही सर्वात प्रामाणिक जागा आहे. माणसाच्या तोंडातली कथा काढून घेतली तर तिथे पोकळी राहते, हे त्यांना कळलं होतं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. आपले वक्ते मात्र ती जागा ओलांडून पुढे जातात.

प्रश्न विचारायला हा एकच ब्राह्मण का उरला, हे कळायला सासष्टीचा नकाशा समोर घ्यावा. 1567 मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. ही ठिकाणं जुवारीपलीकडे अंत्रुज महालात येतात आणि तेव्हा तिथे राज्य विजापूरच्या आदिलशाहीचं होतं. म्हणजे गोव्यातल्या हिंदू देवांनी आसरा घेतला तो मुसलमान राजवटीच्या मुलुखात. ही गोष्ट आपल्याकडे पुटपुटतच सांगितली जाते. देवांबरोबर माणसंही गेली. ज्यांनी ठामपणे 'नाही' म्हटलं असतं, त्यांतले बरेच पुस्तक छापलं जाण्याआधी पन्नास वर्षं नदी ओलांडून गेले होते. स्टीफन्ससमोर बसलेले लोक मागे राहिलेले होते. त्यामुळे पुराणातल्या ब्राह्मणाचा आवाज मऊ आहे, यात नवल नाही.

एक दुसरं नाव घेतो. स्टीफन्स ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्यात उतरले. त्यानंतर काही आठवड्यांतच रुडॉल्फ आक्वाविवा हे जेजुइट फादर गोव्याहून अकबराच्या दरबारी निघाले. फतेहपूर सिक्रीला इबादतखान्यात त्यांनी मुसलमान विद्वानांशी समोरासमोर वाद घातले. तिथे ते पाहुणे होते, बोलणं पटवून देण्याखेरीज त्यांच्या हाती काही नव्हतं, आणि समोरचे हवं तर उठून जाऊ शकत होते. बादशहा ख्रिस्ती झाला नाही. 1583 मध्ये आक्वाविवा परत आले, सासष्टीचे मुख्य झाले आणि त्याच जुलैत चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीला गेले. तिथे गावकऱ्यांनी त्यांना आणि आणखी चार जेजुइटांना ठार मारलं. गावाची देवळं आधी पाडली गेली होती. त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना कापून काढलं. माणूस एकच, आक्वाविवा. श्रद्धा तीच, अभ्यास तोच. सिक्रीत वाद झाला, सासष्टीत रक्त सांडलं. फरक पाठीमागे कोणाची तलवार होती याचा. स्टीफन्स हे सगळं जवळून बघत होते. तेहतीस वर्षांनी त्यांचं पुराण आलं, तेव्हा त्यांनी ठोसा न मारता समजावण्याची वाट धरली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. 1629 मध्ये आलेल्या एतियेन द ला क्रुआ यांच्या पीटर पुराणाशी ताडून बघा. तिथे हिंदू मतांचं खंडन करणार हे शीर्षकातच जाहीर केलेलं आहे. स्टीफन्सचा स्वर त्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे.

पण सौम्य स्वर म्हणजे संवाद नव्हे. खरा संवाद कसा असतो हे बघायला पैठणला जावं लागतं. तिथे याच शतकात, स्टीफन्सच्या पुराणाच्या थोडं आधी, एकनाथांनी (1533–1599) 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड रचलं. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीच्या चाकरीत, देवगिरीच्या किल्ल्यावर. म्हणजे तुर्काशी रोज गाठ. या भारुडात दोघं एकमेकांना मनसोक्त दुखावतात. तुर्क आपल्या दख्खनी बोलीत पुराणातल्या देवांच्या भानगडी काढतो, सोवळ्याओवळ्याची टर उडवतो. हिंदूही पश्चिमेकडे तोंड करण्यावर आणि कोंबड्या-बकऱ्यांवर घसरतो. भांडण असं रंगतं की आता मारामारी होणार. मग दोघं एकमेकांना मिठी मारतात.

यावर मला एका अभ्यासू मित्राने अडवलं: 'अहो, तुर्काचं बोलणंही नाथांनीच लिहिलं ना? मग फरक काय?' आक्षेप रास्त आहे. नाथांचा तुर्क खरा तुर्क नाही आणि त्याच्या तोंडून नाथ आपल्याच लोकांच्या दांभिकपणाला झोडपतात. पण फरक नेमका त्यातच आहे. नाथांनी परक्याला आपल्या वर्मावर बोट ठेवू दिलं, आणि ते बोट बरोबर जागी पडलं हे मान्य केलं. स्टीफन्सच्या अकरा हजार ओव्यांत ब्राह्मण चर्चच्या वर्मावर बोट ठेवत नाही. कुंकळ्ळीबद्दल, देवळांबद्दल तो विचारत नाही. पुराणं बंद केल्याची ती एवढीशी तक्रार सोडली, तर तो कायम मांडी घालून ऐकत बसलेला.

मग ग्रंथात दुसरी बाजू बोलतच नाही का? मला वाटतं बोलते, पण माणसाच्या तोंडून नाही. स्वर्गासाठी स्टीफन्स 'वैकुंठ' वापरतात. देव 'परमेश्वर' होतो, पाद्री 'गुरू' होतो, ग्रंथ 'पुराण' होतो आणि छंद ओवीचा. लॅटिन किंवा पोर्तुगीज शब्द जसेच्या तसे घालायची सोय होती आणि काही ठिकाणी ते घातलेही आहेत. पण बहुतेक जागी त्यांनी वापरातला शब्द घेतला. असा शब्द रिकाम्या डब्यासारखा येत नाही, आतला माल घेऊन येतो. सासष्टीतल्या म्हातारीने 'वैकुंठ' ऐकल्यावर तिच्या मनात काय उभं राहिलं असेल, त्यावर पाद्रींचा ताबा नव्हता. उलट, वैकुंठात येशूलाही जागा होऊ शकते, हे मराठीलाही त्या दिवशी नव्याने कळलं. एवढी देवाणघेवाण मी मानतो. तिला 'दोन धर्मांमधला संवाद' म्हणणं मला जड जातं. एका भाषेने दोघांना आत घेतलं, इतकंच म्हणेन.

पुढच्या राज्यकर्त्यांना तेवढंही खपलं नाही. 1684 मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. पुराणाच्या सुरुवातीच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांत, आणि गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या तोंडी. 1907 ची आवृत्ती मंगळूरहून निघाली ती यामुळेच. देवनागरीत तो आणला शांताराम बंडेलूंनी, 1956 मध्ये. स्टीफन्सनी खिळे मागितल्यानंतर 348 वर्षांनी.

बंडेलूंची प्रत जुन्या ग्रंथालयांत मिळते. पुढच्या मराठीच्या कार्यक्रमात कुणाला ओव्या म्हणायच्या असतील तर जरूर म्हणाव्या, सुंदरच आहेत. फक्त तिथे थांबू नये. ब्राह्मणाची विनंती त्याच अवस्वरात, थोडी पुढे आहे. तीही मोठ्याने वाचावी.