'अच्छेव' आणि आर्थिक न्यायाचा प्रश्न

आर्थिक न्यायाची मीमांसा हे अर्थशास्त्राचे क्षेत्र असून वाङ्मयाचा तिच्याशी संबंध केवळ करुणेपुरता असतो, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती आम्हांस मान्य नाही. पुंडलीक नायक यांची खाणजीवनावरील 'अच्छेव' (१९७७) ही कोंकणी कादंबरी या दृष्टीने वाचण्याजोगी आहे.

जगातील वरच्या दहा टक्के लोकांकडे ७६ टक्के संपत्ती आणि खालच्या निम्म्यांकडे अवघी दोन टक्के, असे २०२२ चा जागतिक विषमता अहवाल सांगतो. अशा विषमतेचा न्याय कसा करावा? जॉन रॉल्स (१९७१) म्हणतात, सर्वांत दुर्बलाचे हित साधत असेल तरच ती क्षम्य होय. रॉबर्ट नोझिक (१९७४) यांचा प्रश्न निराळा: मालमत्ता मुळात न्याय्य मार्गाने मिळाली होती काय?

सर्वण हे गाव ज्या डिचोली तालुक्यात आहे, तेथे हे दोन्ही प्रश्न पुस्तकी राहत नाहीत. पोर्तुगीज राजवटीने लोहखनिजाचे परवाने मोजक्या हातांत दिले. मुक्तीनंतर, स्वतः खाणमालक असलेल्या दयानंद बांदोडकरांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९६४ चा कूळकायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक ठरला. न्याय भूपृष्ठावर आला. भूगर्भ मात्र त्याच हातांत राहिला. १९८७ च्या कायद्याने त्या परवान्यांचे खाणपट्टे झाले. त्यांची मुदत २००७ मध्येच सरली होती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि पुढील पिढ्यांसाठी खनिजविक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायम निधी उभारण्यास सांगितले. नोझिक यांच्या प्रश्नाला न्यायालयाने जणू उशिरा दिलेले हे उत्तर होय.

'अच्छेव'चे मोल येथे कळते. शेत सोडून खाणीकडे वळलेला गाव मजुरी मिळवतो, आणि त्याच वेळी त्याचे घर, नाती व शील विस्कटत जातात. रॉल्स यांच्या मापाने पाहता हाती पैसा आलेला मजूर पूर्वीपेक्षा सुस्थितीत दिसेल. कादंबरी ते मापच अपुरे ठरवते. गेलेली वस्तू वाटून भरून देता येत नाही, हे सिद्धान्ताने न सांगितलेले सत्य ती सांगते.

तथापि एक उणीव नमूद केलीच पाहिजे. लेखकाचा भर अधःपातावर एवढा आहे की, वाचकाचा रोष ढासळणाऱ्या माणसाकडे वळण्याचा धोका संभवतो. त्याला ढासळविणारा मालकीहक्क कोठून आला, हा प्रश्न कथानकात तितक्या बळाने उभा राहत नाही. करुणा उत्कट आहे; हिशोब मात्र अपुरा आहे.

सिद्धान्ताला नुकसान दिसत नाही आणि कादंबरीला मालकी पुरेशी दिसत नाही, असे हे द्वंद्व आहे. म्हणूनच आर्थिक न्यायाचा पाठ शिकविताना अध्यापकांनी कायदा आणि कादंबरी शेजारी ठेवून वाचावीत, असे आमचे मत आहे. दहा टक्क्यांचा निधी न्याय्य आहे काय, हे ठरविण्यापूर्वी उरलेले नव्वद टक्के कोणाचे, आणि त्यांच्या मोबदल्यात गावाने काय गमावले, हे विचारण्याचे धैर्य वाङ्मयाने दाखविले पाहिजे.