आकाशातील शब्दबोध : स्टीव्हन कुशिंग यांच्या 'फेटल वर्ड्‌स' या ग्रंथाचा चिकित्सक परामर्श

प्रस्तावना

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातील संभाषण हा भाषाव्यवहाराचा एक विलक्षण प्रकार आहे. येथे बोलणारा व ऐकणारा परस्परांना दिसत नाहीत, हावभावांचा आधार नसतो, वेळ अपुरा असतो आणि चुकीचे मोल माणसांच्या प्राणांनी चुकवावे लागते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन कुशिंग यांनी या व्यवहाराची चिकित्सा 'फेटल वर्ड्‌स' या ग्रंथात केली. शिकागो विद्यापीठाने तो १९९४ मध्ये प्रकाशित केला. प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या सिद्धान्ताचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्रंथाचे प्रतिपादन

संदिग्धता हा भाषेचा अपवादात्मक दोष नसून तिचा स्वभावच आहे, हे कुशिंग यांचे मुख्य प्रतिपादन. अनेकार्थता, समोच्चारी शब्द, संदर्भाची अनिश्चितता, चुकीचे अनुमान, अंकांचा गोंधळ अशा वर्गांत ते अपघातांची व थोडक्यात टळलेल्या अपघातांची उदाहरणे मांडतात.

त्यांतील सर्वपरिचित उदाहरण टेनेरीफ विमानतळाचे आहे. २७ मार्च १९७७ रोजी दाट धुक्यात के.एल.एम. व पॅन ॲम यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. डच सहवैमानिकाने 'आम्ही आता ॲट टेकऑफ आहोत' अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत उच्चारले. स्पॅनिश नियंत्रकाला त्याचा अर्थ 'उड्डाणाच्या जागी उभे आहोत' असा वाटला. प्रत्यक्षात विमान धावू लागले होते. डच भाषेतील क्रियारूपाची घडण इंग्रजी शब्दांत उतरली असावी, हे कुशिंग यांचे स्पष्टीकरण मार्मिक आहे. पुढे 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देण्याघेण्यापुरताच राखून ठेवण्यात आला, हे या शब्दाच्या धोक्याचे प्रमाणच होय.

भारतीय वाचकाला हे विवेचन अपरिचित वाटू नये. नैयायिकांनी वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी यांबरोबर तात्पर्यज्ञानाचीही आवश्यकता सांगितली. 'सैंधव आण' असे जेवणाऱ्याने म्हटले तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेल्याने म्हटले तर घोडा, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. येथे प्रसंग डोळ्यांसमोर असल्यामुळे ऐकणारा चुकत नाही. धुक्यातल्या नियंत्रकाला मात्र बोलणारा पानावर बसला आहे की निघाला आहे, हेच दिसत नसते. कुशिंग यांनी वर्णिलेल्या संकटाचे मूळ येथे आहे.

मर्यादा

तथापि सर्व भार शब्दावर टाकल्याने ग्रंथाचे विवेचन काहीसे एकांगी झाले आहे. टेनेरीफच्याच घटनेत उड्डाण अभियंत्याने 'ते पॅन अमेरिकन विमान अजून बाजूला झाले नाही काय?' असे आपल्या कप्तानाला विचारले होते. हा प्रश्न डच भाषेत, डच माणसाने डच माणसाला विचारलेला होता. त्यात कोणताही श्लेष नव्हता. कप्तानाने ठामपणे 'झाले' असे उत्तर दिले आणि विषय संपला. कप्तान हा कंपनीतील ज्येष्ठ प्रशिक्षक होता. तेथे व्याकरण नव्हे, तर पुन्हा विचारण्याचे धैर्य कमी पडले.

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलेल्या आव्हियांका विमानाच्या बाबतीतही हेच दिसते. कप्तान 'आणीबाणी असल्याचे सांग' असे बजावत असताना सहवैमानिक नियंत्रकाला केवळ इंधन संपत आल्याचे कळवत राहिला. आणखी एक फेरी मारणे इंधनाच्या दृष्टीने चालेल काय, या प्रश्नाला त्याने 'बहुधा चालेल, आभारी आहे' अशा आशयाचे उत्तर दिले. या अपघातात ७३ जण दगावले. 'इमर्जन्सी' हा शब्द त्याला माहीत नव्हता असे नाही. तो उच्चारला गेला नाही. शब्दकोशात या मौनाचे उत्तर सापडत नाही.

दुसरी मर्यादा उपायांची. तोंडी संदेशांना दृश्य, यादीतून निवडता येणाऱ्या संदेशांची जोड द्यावी, अशी कुशिंग यांची सूचना होती. आज महासागरांवरील उड्डाणांत लिखित संदेशांची देवाणघेवाण रूढ आहे, यावरून त्यांची दूरदृष्टी मान्य करावी लागते. परंतु एकाच ध्वनिलहरीवर इतर वैमानिकही ऐकत असतात आणि त्यातून सर्वांना परिस्थितीचे भान येते, हा लाभ लिखित संदेशात उरत नाही.

नंतरच्या घटनांची कसोटी

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे ठार झाली. कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंतच उतरण्याची अनुमती होती. ते त्याखाली आले. लाहोटी आयोगाने कझाक चमूच्या अपुऱ्या इंग्रजीचाही उल्लेख केला. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची उंची दिसत नव्हती. नियंत्रकाजवळ शब्दाखेरीज दुसरे साधन नव्हते. येथे कुशिंग यांचा युक्तिवाद अधिक बळकट होतो.

याउलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर नियंत्रक व तटरक्षक दलाचा कप्तान दोघेही जपानी होते, संभाषण प्रमाणित इंग्रजीत झाले आणि सूचनेचा पुनरुच्चारही बरोबर झाला. तरी धावपट्टीवर जाण्याची परवानगी मिळाली, असा कप्तानाचा समज झाला. सूचनेतील 'नंबर वन' हे शब्द नंतर चर्चेचा विषय ठरले. तटरक्षक विमानातील पाच जण मरण पावले. शब्द अचूक परत आले, तात्पर्य मात्र परत आले नाही.

समारोप

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००८ पासून लागू केलेल्या भाषिक प्रवीणतेच्या निकषांत उच्चार, रचना व शब्दसंपत्ती यांच्याबरोबर आकलन आणि परस्परसंवाद यांनाही स्थान आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. 'फेटल वर्ड्‌स'ने भाषाशास्त्राला ग्रंथालयातून नियंत्रणकक्षात नेले, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. मात्र 'मला समजले नाही, पुन्हा सांगा' हे वाक्य वरिष्ठासमोर निःसंकोच उच्चारता येणे, हेही भाषिक कौशल्यच आहे. ते कुशिंग यांच्या वर्गीकरणात पुरेसे आलेले नाही. आणि आपल्या भाषाविषयक अभ्यासक्रमांतही त्याला अद्याप योग्य ते स्थान मिळालेले दिसत नाही. विद्यार्थ्याने न समजलेले न विचारणे म्हणजे आदर, असे जोवर वर्गात मानले जाईल, तोवर हा विषय केवळ विमानतळांपुरता मर्यादित राहणार नाही.