हौशी संकेतस्थळे : मांडणी आणि आशय

'जिओसिटीज' या अमेरिकन सेवेवरील हौशी संकेतस्थळांचे भडक रंग व हलती चित्रे अभिरुचीहीनतेची लक्षणे मानली गेली. हे मत एकांगी आहे. १९९४ मध्ये उगम पावलेल्या या सेवेवर अनेकजण एचटीएमएल स्वतः शिकून पान घडवीत. मांडणी हीच त्यांची शैली होती. १९९९ मध्ये आलेल्या 'ब्लॉगर'च्या तयार साच्यांनी लेखन निःसंशय सुलभ केले. परंतु नवी नोंद वर, जुनी खाली, हा क्रम लेखकाने न निवडताच ठरून गेला. पूर्वीचे पान पुनःपुन्हा सुधारले जाई. आता जुनी नोंद दृष्टीआड सरकू लागली. २००९ मध्ये याहूने अमेरिकेतील जिओसिटीज बंद केले. स्वयंसेवकांनी वाचविलेल्या पानांचा अभ्यास केवळ मजकूर उतरवून घेऊन करता येणार नाही.