दुसरं व्हायोलिन कोण शिकवणार?

मंडळी, आजचा विषय फळ्यावर लिहिला जात होता तेव्हाच एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "सर, चेंबर म्युझिक... ह्यां आमका आरोंद्यात कित्याक व्हया?" प्रश्न रास्त आहे. उत्तर किरणपाणीचा पूल ओलांडला की सुरू होतं. तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात, पॅरिश शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलं गेलं. ह्या काठावर आपल्या पोरांच्या हातात पेटी आणि पखवाज आला. मध्ये नदी एकच.

आधी शब्दाचा अर्थ. चेंबर म्युझिक म्हणजे खोलीत वाजवायचं संगीत, हे झालं नाव. खरी अट वेगळी आहे. प्रत्येक ओळीला एकच वादक, आणि समोर काठी हलवणारा कोणी नाही. हायडनची ६८ स्ट्रिंग क्वार्टेट आहेत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. सुरुवात कशी होते बघा. पहिलं व्हायोलिन वाजवणारा श्वास घेतो, आणि तो श्वास बाकीच्या तिघांना कळावा लागतो. चेलोचा स्वर किंचित उतरला तर वरच्या तिघांनी काय करायचं, ते चौघांनी तिथल्या तिथे निभावायचं. हे एकट्याने, गुरूसमोर बसून येत नाही. म्हणून तरुण वादकांना एकत्र आणणाऱ्या कार्यशाळा हव्यात. इथवर आमचं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. आपल्याकडे कोणीतरी उठून म्हणतोच, "अहो, आमची बैठक म्हणजे चेंबर म्युझिकच की!" अर्धं खरं. खोली तेवढीच, ऐकणारे तेवढेच जवळ. पण बैठकीत पेटी गायकाच्या मागून चालते, तबला ठेका धरतो, आणि राग एकाच डोक्यातून उलगडतो. ख्यालाला ते हवंच असतं. त्यात कमीपणा नाही. मात्र त्याला चौघांचा संवाद म्हणू नये. जुगलबंदीतसुद्धा बहुधा दोन नायकच असतात. आम्हाला विचाराल तर क्वार्टेटच्या जवळचं नातेवाईक आपलं दशावतार आहे. संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर दिग्दर्शक नसतो. राजा कधी थांबणार हे पखवाजवाल्याला त्याच्या पावलावरून ओळखावं लागतं. फरक एवढाच की क्वार्टेटमध्ये स्वर आधीच लिहिलेले असतात, आणि तरीही एकमेकांना ओळखावंच लागतं.

अल्फ्रेड शुट्झ नावाच्या तत्त्वज्ञाने १९५१मध्ये एकत्र वाजवण्यावर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा की शब्दांतून बोलणं होण्याआधी माणसं एकमेकांच्या आतल्या काळाशी जुळतात, आणि त्या जुळण्यातून 'मी' आणि 'तू' यांचा 'आम्ही' होतो. (आम्ही जन्मभर वर्गात 'आम्ही' म्हणत आलो, ते निव्वळ सवयीने. विद्यार्थी हसायचे.)

आता कार्यशाळांवरची आमची टीका. एका कार्यशाळेत आम्ही श्रोते म्हणून बसलो होतो. नाव सांगत नाही. पाच दिवस, बाहेरून आलेले नामवंत शिक्षक, शेवटी कार्यक्रम आणि प्रमाणपत्रं. शिक्षक सारा वेळ पहिल्या व्हायोलिनशी बोलत होते. व्हायोला वाजवणाऱ्या पोराने दोनदा विचारलं, "माझं कसं होतंय?" उत्तर आलं, "तुझं ठीक आहे." ते पोर कोणी ऐकलंच नव्हतं. मधला आवाज कसा धरायचा, कधी पुढे यायचं, कधी दुसऱ्याखाली जायचं, हेच तर शिकायला ते आलं होतं! कार्यशाळेने काय केलं, तर चार एकलवादक शेजारी बसवले.

ह्याची किंमत आपल्या माणसांनी मोजलेली आहे. पॅरिश शाळेत तयार झालेले गोवेकर वादक मुंबईच्या सिनेमात गेले, ते पानावरचं वाचून, शेजाऱ्याचं ऐकून वाजवू शकत होते म्हणून. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू. १९५८मध्ये त्यांनी हिंदुस्थानी गायक आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. लोकांना त्यांचं नाव कळलं ते १९७७च्या एका गाण्यातून, आणि तेही विनोदी पात्राचं म्हणून. बाकी शेकडो वादकांची नावं श्रेयनामावलीत आलीच नाहीत. 'साथीला' ह्या एका शब्दात सगळे मावले.

उलट उदाहरण मेहली मेहतांचं. झुबिन यांचे वडील. १९३५मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन वाजवायला बसला. तिथून लॉस एंजेलिसला जाऊन १९६४मध्ये तरुणांचा वाद्यवृंद काढला आणि तीन दशकांहून अधिक काळ चालवला. पाच दिवस नव्हे. गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया ही संस्था २००९पासून गरीब घरांतल्या मुलांना तंतुवाद्यं शिकवते आहे, तीही वर्षभर. आमच्या मते कार्यशाळा अशा रोजच्या शिकण्यावर चढवलेला मजला असावी. खाली घरच नसेल तर मजला कशावर बांधणार?

एक गंमत सांगतो. १९७७मध्ये व्हॉयेजर यानातून जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. (केरी म्हणजे फोंड्याचं हो, समोरचं नव्हे!) त्याच तबकडीवर बेथोव्हेनच्या एका क्वार्टेटमधला कावातिनाही आहे. एक एकटा आवाज, एक चौघांचा. निवडणाऱ्यांनी दोन्ही घेतले. एकाला दुसऱ्याचं नाव दिलं नाही.

बरं, आता प्रश्न घेऊ. पेटीवाले मागच्या रांगेत बसलेत, त्यांच्यापासून सुरुवात करू या.