वऱ्हाडातील उच्चरवी लोकसंगीत आणि ध्वनिमुद्रणाचे प्रामाण्य

लोकसंगीताच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणाला हल्ली मूळ साधनाचे स्थान प्राप्त झाले आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आले; परंतु वाचकाच्या हाती केवळ अक्षरे पडली, नाद पडला नाही. ती उणीव यंत्राने भरून निघाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र कोणत्या यंत्राने, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. क्षेत्रकार्यास निघालेला विद्यार्थी पुष्कळदा आपला लॅपटॉप मंचाशेजारी उघडून ठेवतो आणि त्याच्या अंगच्या मायक्रोफोनवर विसंबून काम उरकतो. अशा ध्वनिमुद्रणाचे प्रामाण्य किती, याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

हे मायक्रोफोन मुळात हातभर अंतरावर बसून बोलणाऱ्या माणसासाठी योजिलेले असतात. साधे संभाषण एका मीटरवर सुमारे 60 डेसिबल भरते. उलटपक्षी, ढोलाच्या अगदी निकट नादाची क्षणिक शिखरे 110 डेसिबलच्याही वर जाऊ शकतात. या जातीच्या सूक्ष्म मायक्रोफोनची सहनमर्यादा बहुधा 120 डेसिबलच्या आसपास असते. परंतु त्यामागील वर्धक बोलण्याच्या मानाने लावलेला असल्यामुळे विकृती पुष्कळ आधीच सुरू होते.

मोझरीच्या गुरुकुंजाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) खंजिरी भजनाचे उदाहरण घ्यावे. खंजिरीचा ठोका हा कातड्याचा आघात व धातूच्या चकत्यांचा झणत्कार यांचा संयोग होय. तो क्षणार्धात उसळतो आणि ओसरतो. 16 बिटांच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक नमुन्याचे मूल्य -32768 ते 32767 एवढ्याच मर्यादेत मावते. ठोका त्यापलीकडे गेला, की तरंगाचा माथा सपाट कापला जातो व मुळात नसलेले कर्कश स्वरांश त्यात निर्माण होतात. नंतर आवाज कमी केल्याने कापलेला माथा परत येत नाही. विकृतीच तेवढी हळू ऐकू येते.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. अनेक लॅपटॉपांत आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी व्यवस्था असते. मोठा ठोका येताच ती सर्वच नाद खाली ओढते आणि पुढे सावकाश वर आणते. परिणामी ठोक्यापाठोपाठ गायकाचा स्वरही दबलेला भासतो. असे ध्वनिमुद्रण ऐकून एखाद्याने ‘खंजिरीच्या आघातानंतर गायक स्वर आवरता घेतो’ असा निष्कर्ष मांडल्यास तो गायकाचा नव्हे, यंत्राचा गुणधर्म ठरेल. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास हा प्रकार अपरिचित नाही. पोथी उतरताना मूळ पाठ ‘सुधारणारा’ लेखनिक असाच वागतो. भेद इतकाच, की लेखनिकाची चूक अन्य प्रतींशी ताडून पकडता येते; एका रात्रीच्या भजनाची दुसरी प्रत नसते.

अकोल्याच्या कावडयात्रेत अडचण आणखी वाढते. श्रावणातील अखेरच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे जल घेऊन कावडी राजराजेश्वराच्या मंदिरी येतात. तेथे ढोलांचा अखंड घोष व जनसमुदायाचा गजर हाच संगीताचा देह असतो. लॅपटॉपातील गोंगाटनिवारक योजना मात्र मानवी बोलणे तेवढे ग्राह्य धरते आणि अखंड घोषास गोंगाट समजून क्षीण करते. अभ्यासविषय कोणता, हे अशा प्रसंगी यंत्रच ठरवून टाकते.

यावर असा आक्षेप संभवतो, की काहीच नसण्यापेक्षा सदोष ध्वनिमुद्रण बरे. हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. पदांचा क्रम, शब्द आणि लयीचा स्थूल वेग यांसाठी असे साधन उपयोगी पडते. भुलाबाईच्या गाण्यांसारख्या मोजक्या कंठांच्या गायनात तर दोष बराच कमी जाणवतो. परंतु नादगुण, आघातांचे तारतम्य, कंठ व वाद्य यांचे परस्परप्रमाण यांविषयी त्यावरून विधान करणे शास्त्रशुद्ध नव्हे.

उपाय अवघड नाहीत. पातळी सारखी करणारी व गोंगाट घटविणारी व्यवस्था आधी बंद करावी. चाचणी घेऊन शिखरे कमाल मर्यादेच्या सुमारे 12 डेसिबल खाली ठेवावी. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले असता एका स्थानी वाजणाऱ्या वाद्याचा नाद सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे एका मीटरवरून आठ मीटरवर गेल्यास 18 डेसिबलची सवड मिळते, मात्र भोवतालचा कोलाहलही त्या प्रमाणात अधिक शिरतो. म्हणून शक्य तेथे स्वतंत्र ध्वनिमुद्रकच वापरणे श्रेयस्कर.

याहून महत्त्वाची गोष्ट टिपणाची आहे. कोणते यंत्र, किती अंतर, कोणती व्यवस्था चालू होती, हे प्रबंधात नमूद नसेल, तर पुढील अभ्यासकास त्या ध्वनिमुद्रणाची परीक्षा करता येणार नाही. हस्तलिखिताचे वर्णन दिल्यावाचून पाठ स्वीकारला जात नाही. तोच दंडक ध्वनिमुद्रणासही लागू झाला पाहिजे.